साफ केलेला फोटो

ऐक ना. मध्ये बोलू नकोस, आधी नुसतं ऐक. मग काय बोलायचं ते बोल.

तर ती मुलगी. तिला सगळे मोजणी म्हणतात. खरं नाव हजेरीपटावर असेलच, पण तिच्या खात्यात जाऊन त्या नावाने विचारलंस तर लोक एकमेकांची तोंडं बघतील आणि मग म्हणतील, "अगं, मोजणी होय!" हॉस्पिटलमध्ये ऑपरेशनची हत्यारं जिथे धुवून येतात ना, तिथे ती कामाला. चिमटे, कात्र्या, पकडी, सुया धरायचे ते लांब नाकाडे. सगळं मोजून ट्रेमध्ये लावायचं, दोन कापडांत गुंडाळायचं, वर तो खास टेप चिकटवायचा आणि वाफेच्या मशीनमध्ये ढकलायचं. बाहेर आल्यावर टेपवर काळ्या रेघा उमटल्या की समजायचं, निर्जंतुक झालं. हिची मोजणी चार वर्षांत एकदाही चुकली नव्हती. एकदा ऑपरेशन चालू असताना वरून फोन आला, एक पकड कमी आहे म्हणून. तर ही शांतपणे म्हणाली, "चौदा दिल्यात. डॉक्टरांच्या हाताखालच्या टॉवेलमध्ये बघा." आणि तिथेच निघाली. तेव्हापासून मोजणी.

आणि हो, हे आधीच सांगते, कारण सगळं त्याच्याभोवतीच आहे. तिच्या चेहऱ्यावर डाग आहे, जन्मापासूनचा. डाव्या कानाच्या पाळीपासून निघतो आणि गालावरून हनुवटीपर्यंत येतो, जांभळट. नवीन माणूस एकदा बघतो, मग दुसरीकडे बघतो, मग चोरून पुन्हा बघतो. तिला त्याचं काही नाही. म्हणजे खरंच काही नाही, उगाच बोलायचं म्हणून नाही. घरात तर त्या डागाला नकाशा म्हणायचे. लहानपणी तिचा दादा तिला मांडीवर घेऊन कानापाशी बोट ठेवायचा आणि म्हणायचा, "सुटली बोट." बोट गालावरून हिंडत हिंडत हनुवटीला लागली की ही खिदळायची.

चार वर्षं ही कंत्राटावर होती. यंदा आठ जागा कायम करायच्या ठरल्या आणि यादीत हिचं नाव तिसरं! खात्यात नुसता धुरळा. पण पत्रात खाली बारीक अक्षरात एक ओळ होती: कागदाच्या झेरॉक्स चालणार नाहीत. ओळखपत्र, जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, सगळं सरकारी पाकिटातूनच पाठवायचं. शुक्रवार, संध्याकाळी पाच.

पाकीट म्हणजे ते फोनमधलं गं. सरकारी ॲप. नंबर टाकायचा, आकडे येतात ते टाकायचे, मग कॅमेऱ्यासमोर तोंड धरायचं, पापण्या मिटायच्या, मान हलवायची, आणि ओळख पटली की तुझी सगळी सरकारी कागदपत्रं आपोआप येऊन बसतात. तुझ्या माझ्याकडे आहेच की. हिने कधी घेतलंच नव्हतं. गरज पडली नव्हती.

गुरुवारी दुपारी, डबा खाऊन झाल्यावर, कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून तिने पाकीट उतरवलं. शेजारी मावशी. मावशी म्हणजे खात्यातली सगळ्यात जुनी, सत्तावीस वर्षं वाफ खाल्लेली बाई, तोंडाला कुलूप नाही.

फोन म्हणाला, मान डावीकडे. हिने केली. उजवीकडे. केली. डोळे मिटा. मिटले. चेहरा जुळत नाही.

"टोपी काढ की आधी," मावशी म्हणाली.

टोपी काढली. चेहरा जुळत नाही.

"उजेडात ये. अशी काय लपून बसलीयस चोरासारखी."

खिडकीपाशी गेली. चेहरा जुळत नाही.

"हस बघू जरा."

"मावशी, हसायचं नसतं त्यात."

"मग रड. काहीतरी कर. सरकारला हवंय तरी काय?"

चौथ्यांदा नाही जुळलं, तेव्हा फोनने विचारलं, आमच्याकडचा फोटो हा आहे, ही व्यक्ती तुम्हीच का? आणि पडदाभर एक चेहरा आला.

अठरा वर्षांची मुलगी. तिचेच केस, तिचेच डोळे, कॉलरचा तो निळा सदरा तिला चांगला आठवत होता. आणि डावा गाल कोरा. एकदम गुळगुळीत. डाग नाही. गालही जरा बारीक.

मावशीने वाकून बघितलं. "कोण गं ही? तुझी बहीण का? चांगली आहे दिसायला."

आणि बोलून गेल्यावर मावशीने जीभ चावली. मी म्हटलं ना, कुलूप नाही. पण ते ऐकून हिला काही झालं नाही. तीच तर गंमत. तिला वाटलं, आता काहीतरी वाटेल. वाट बघितली तिने. समोर लोखंडी कपाटं होती, ती मोजली. बावीस. मग म्हणाली, "मीच आहे."

तू म्हणशील, इतकी वर्षं कार्ड जवळ बाळगलं आणि दिसलं नाही? अगं, ते कार्ड बघितलंयस का तू? नखाएवढा फोटो, त्यावर प्लॅस्टिक, त्याच्या झेरॉक्सची झेरॉक्स. सगळ्यांचीच तोंडं कोळशाने काढल्यासारखी दिसतात. हिला वाटायचं डाग छपाईत उडाला असेल. त्याच्यापुढे विचार केलाच नव्हता. आणि फोटो कुठे काढला होता? दादाच्या स्टुडिओत! आणखी कुठे काढणार?

ड्यूटी संपली तशी तडक तिथे गेली.

दादाचा स्टुडिओ छोटासाच आहे. पुढे काउंटर, मागे पडदा, पडद्यामागे पांढरी भिंत आणि गोल स्टूल. भिंतीवर आरसा, आरशाला दोरीने बांधलेला कंगवा. खुंटीवर एक काळा कोट, आख्ख्या वस्तीने त्यात फोटो काढलेत. मागून चिमटे लावले की कोणालाही बसतो. आणि काउंटरच्या वर, काचेच्या चौकटीत, मान्यतेची पाटी. सरकारी ओळखपत्राचे फोटो इथूनच काढून, इथूनच थेट पाठवायची मान्यता. तीन वस्त्यांत मिळून हे एकच केंद्र. ती पाटी आहे म्हणून स्टुडिओ आहे. लग्नाबिग्नाचे फोटो आता कोण स्टुडिओवाल्याकडून काढून घेतंय, सगळ्यांकडे फोन आहेत.

दादा कॉम्प्युटरवर बसलेला. पडद्यावर कोणीतरी काका, आणि दादा त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसत होता.

"आलीस छोटे? झालं का पाकीट? पेढे कधी?"

तिने फोन काउंटरवर ठेवला. तो कोरा चेहरा वर.

दादाने बघितलं. माऊसवरचा हात तिथेच राहिला.

"हे तू केलंस?"

"अगं, मी सगळ्यांचंच करतो थोडं थोडं. पुटकुळ्या, चामखीळ, काय काय असतं. लोकांना बरं वाटतं. साफ करून देतो."

"सांगून करतोस?"

"त्यात सांगायचं काय? कोणी तक्रार केलीय का आजपर्यंत?"

"मूळ फोटो आहे?"

होता. दादा काही टाकत नाही. त्याने वर्ष शोधलं, फोल्डर उघडलं आणि दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. एकात नकाशा. एकात नाही. आणि बघ, काम एवढं सफाईदार, की तिला स्वतःलाही क्षणभर कळेना कुठला खरा. गालाचं पोतसुद्धा होतं, एकेक लव होती.

"याला किती वेळ लागला होता?" तिने विचारलं.

दादाने माऊस बाजूला सरकवला.

"काकांना किती लागतो?"

"दोन मिनिटं."

"आणि मला?"

"दोन दिवस," दादा म्हणाला. मग म्हणाला, "दुकान बंद करून बसलो होतो. तू पहिल्यांदा कार्ड काढत होतीस ना. म्हटलं, कार्ड जन्मभर राहतं. ऑफिसात कोणी बघेल, लग्नाच्या वेळी कोणी बघेल. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"काही नाही. हात चालला."

ती म्हणाली, "बरं."

बस, एवढंच. बरं. दादाला वाटलं, आता ओरडेल, रडेल, कंगवा फेकून मारेल. तो मान खाली घालून तयारच होता. पण तिच्या आत काही हलेचना. दात काढायच्या आधी सुई देतात आणि मग ओठ आहे की नाही तेच कळत नाही, तसं. तिला एवढंच दिसत होतं की दोन दिवस. चामखिळीला दोन मिनिटं आणि हिला दोन दिवस. जो माणूस त्या डागावरून बोट फिरवून हिला हसवायचा, त्याला तो पुसायला दोन दिवस बसावं लागलं. आणि त्याचं तोंड तेव्हाही असंच असेल, मायेने भरलेलं.

दादानेच तोडगा काढला. "समोर पार्लरवाली आहे. नवऱ्या नटवते ती. कसलाही डाग झाकते. सकाळी लवकर बसवतो तुला. उद्या एकदा जुळलं की कागद आले. मग सुटलो आपण."

"बरं."

शुक्रवारी सकाळी सात वाजता पार्लरवालीने तिला खुर्चीत बसवलं. पार्लरवाली म्हणजे फुल बडबडी. "नवरा मुलगा काय करतो?" म्हणून सुरुवात. दादा म्हणाला, ओळखपत्रासाठी आहे. तर म्हणते, "इश्श, ओळखपत्रासाठी कोणी एवढं करतं का?" मग तिने आधी एक हिरवट काहीतरी लावलं, त्यावर पिवळट, त्यावर कातडीच्या रंगाचं, थोपटून थोपटून. गालाच्या कडेला गडद छटा, म्हणजे गाल आत गेल्यासारखा दिसतो. दादा फोनमधला फोटो समोर धरून उभा. "इथे अजून जरा. हां. कानापाशी राहिलंय." दोघं मिळून अगदी भिंत लिंपावी तसं चाललेलं. आणि ही आरशात बघत होती. आरशातली मुलगी परकी नव्हती. चांगली होती. हिला तिच्याविषयीही काही वाटलं नाही.

तिसऱ्या प्रयत्नाला जुळलं. हिरवी खूण. ओळख पटली, स्वागत आहे. आणि टण टण टण करत सगळी कागदपत्रं येऊन बसली. दादाचा जीव भांड्यात पडला. त्याने पार्लरवालीला तीनदा थँक्यू म्हटलं. मोजणीने तिथल्या तिथे कागद हॉस्पिटलला पाठवून दिले. झालं, नाही का? गोष्ट संपली.

संपली नाही. ऐक.

साडेनऊला हॉस्पिटलच्या मागच्या दारावर गर्दी. नवीन मशीन बसवलेलं. तिथे आस्थापनेतला क्लार्क उभा. त्याला सगळे उद्याभाऊ म्हणतात, कारण चौदा वर्षांत त्याने कोणाचंही काम आज केलेलं नाही. पण त्या दिवशी तो भलताच उत्साहात. "या, या. पंचिंग कार्ड बंद. आजपासून चेहरा. पाकिटातल्या फोटोशी जुळला की दार उघडणार."

मोजणी समोर उभी राहिली. दार उघडलं. आत लांब बोळ, बोळात हात धुवायचं बेसिन, आणि पलीकडे खात्याचं दार. तिथे इन्चार्ज सिस्टर. सिस्टर म्हणजे नियम चालता बोलता. तिने हिच्याकडे बघितलं, जवळ आली, आणि एक बोट हिच्या गालावरून ओढलं. बोटाला कातडीच्या रंगाची रेघ.

"हे काय आहे?"

"मेकअप, सिस्टर."

"दिसतंय मला. पॅकिंगमध्ये पावडर, काजळ, टिकली, काही चालत नाही, तुला सांगायला पाहिजे का? कण उडतो, ट्रेमध्ये पडतो, ट्रे पेशंटच्या पोटावर उघडतो. तूच नव्या मुलींना शिकवतेस हे. धू जा."

बरोबरच होतं सिस्टरचं. तीच शिकवायची. ती बेसिनपाशी गेली आणि धुतलं. हिरवट, पिवळट, सगळं पाण्यातून गेलं. डाग वर आला, चोळून चोळून आणखी गडद. आत गेली, काम केलं. नऊ ट्रे लावले. मोजणी बरोबर.

अकराला चहासाठी बाहेर गेली. परत आली, तर मशीन म्हणतं, चेहरा जुळत नाही.

कळलं ना तुला? बाहेरच्या दाराला तो चेहरा हवा आणि आतल्या दाराला हा. आणि मध्ये बोळ.

मावशी आतून आली, तिने आपलं तोंड मशीनला दाखवून हिला आत घेतलं. आणि बोळात बेसिनला टेकून दोघी उभ्या राहिल्या. मावशीला आता सगळं माहीत झालेलं.

"रोज लाव, रोज धू," मावशी म्हणाली. "त्यात काय. लोक दाढी नाही का करत रोज?"

"चहाला बाहेर गेले तर?"

"नको पिऊस चहा."

हे मावशीने इतक्या गंभीरपणे सांगितलं ना, की दुसरी कोणी असती तर हसून हसून खाली बसली असती. हिने हिशोब केला. ही एकोणतीस वर्षांची. साठाला निवृत्ती. एकतीस वर्षं, रोज सकाळी लिंपायचं, दहा मिनिटांत धुवायचं.

मग ती उद्याभाऊकडे गेली, मावशीही मागोमाग. विचारलं, पाकिटातला फोटो बदलता येतो का?

"येतो की. त्यातच फॉर्म आहे, दुरुस्तीचा." तो हिच्या गालाकडे बघायचं टाळत होता, म्हणजे मध्येच तिच्यामागच्या कॅलेंडरकडे बघत होता. "पण का उकरतेस? तुझे कागद आलेत. तुझं काम झालंय. पाच वाजता यादी बंद होते, मग सगळं पक्कं. जो चेहरा असेल तो कायम. दुरुस्ती टाकलीस तर तुझी जागा पक्की होत नाही. रद्दही नाही होत. थांबते. चौकशी होईपर्यंत."

"पावती पाचच्या आत आली तर थांबते?"

"थांबते. नियम आहे. पण ऐक माझं, जाऊ दे." आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "नवा फोटो कुठून पाठवणार? ज्या केंद्राने जुना पाठवला त्यालाच पाठवता येतो. तुझ्या भावाचंच ना ते?"

तिने त्याच्या टेबलासमोर बसूनच फॉर्म उघडला. दुरुस्तीचं कारण. दोनच पर्याय. एक, केंद्राची चूक, फोटोत फेरफार. दोन, चेहऱ्यात झालेला बदल, अपघात किंवा आजार. पहिल्याच्या खाली लाल अक्षरात: संबंधित केंद्राची मान्यता तात्काळ स्थगित होईल. दुसऱ्याच्या खाली: डॉक्टरांची चिठ्ठी जोडल्यास चौकशी नाही.

तेवढ्यात दादाचा फोन. पाच कधी वाजतात म्हणून तो सकाळपासून निखाऱ्यावर बसलेला. हिने सांगितलं सगळं. तो मग म्हणाला, "दुसरा पर्याय टाक ना छोटे. भाजलं म्हण. तू वाफेपाशी काम करतेस, कोणाला खोटं वाटणार? कोणाचं नुकसान नाही त्यात. तुझी नोकरी राहते, माझी पाटी राहते. आईला यातलं काही कळायलासुद्धा नको." आणि मग एकदम हळू, "मी पाया पडतो तुझ्या."

मावशीही तेच म्हणाली. वर म्हणाली, "आपले कॅज्युअल्टीचे डॉक्टर लिहून देतील. त्यांचे ट्रे तू लावतेस. एक चिठ्ठी नाही देणार?"

आणि खरं सांगू, तिने दुसराच पर्याय निवडला. निवडला! पाटी गेली तर दादाचं काय होईल ते तिला दिसत होतं. आईचं दिसत होतं. डाग आधीपासूनचा की नंतरचा, याने त्या मशीनला काय फरक पडतो?

तर पुढे रकाना आला. बदल कधी झाला, तारीख लिहा.

तिने तारीख लिहिली. स्वतःची जन्मतारीख.

मुद्दाम नाही गं. तिथे तारीख मागितली होती, तिच्याकडे एकच तारीख होती, ती तिने टाकली. मोजताना जेवढे असतात तेवढेच ती लिहिते, तसंच. फॉर्म लाल झाला. ही तारीख अर्जदाराच्या जन्मतारखेनंतरची असावी.

"अगं वेडे, दुसरी टाक कुठली तरी," मावशी म्हणाली. "गेल्या वर्षीची टाक. पावसाळ्यातली टाक."

"कुठली?"

"कुठलीही!"

तिने बोट कॅलेंडरवर नेलं. महिने पुढे केले, मागे केले. प्रत्येक महिन्यात तीस तारखा, एकतीस तारखा. त्यातला कुठलाही एक दिवस धरायचा आणि म्हणायचं, या दिवसाआधी मी त्या फोटोतल्यासारखी होते. गुळगुळीत. मग माझं काहीतरी बिघडलं. मावशी शेजारी घाई करत होती, उद्याभाऊ घड्याळाकडे बघत होता, बोट तारखांवरून जात होतं आणि थांबत कुठेच नव्हतं. पाचेक मिनिटं तरी गेली असतील. मग तिने मागे जाऊन पहिल्या पर्यायावर खूण केली.

मावशीने कपाळावर हात मारून घेतला. उद्याभाऊ म्हणाला, "विचार कर. उद्या..." आणि स्वतःच थांबला.

साडेतीनला ती स्टुडिओत पोचली. दादाने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि त्याला कळलं. काउंटरवर कोणी बाई फोटोसाठी उभी होती, काळा कोट घालून तयार. दादा तिला म्हणाला, "ताई, थोडं थांबाल?" आणि पडदा सारून मोजणीला आत घेतलं.

ती स्टुलावर बसली. दादाने दिवे लावले. कॅमेऱ्यामागे गेला. नेहमी तो बडबडत असतो, खांदे सरळ, हनुवटी वर, जरा इकडे बघा. त्या दिवशी नुसता हाताने दाखवत होता. एक फोटो काढला. पुन्हा बघितलासुद्धा नाही.

मग कॉम्प्युटरवर फोटो उघडला. जसाच्या तसा. डाग, त्याच्यावर सकाळच्या चोळण्याने आलेली लाली, डोळ्यांखाली काळं. दादाने हात मांडीवर ठेवले होते. दोन्ही.

पडद्यावर तिचा फॉर्म आला. केंद्राची चूक, फोटोत फेरफार. खाली त्याच्या केंद्राचा नंबर, त्याचं नाव, आणि बटण: मान्य करून पाठवा. ते दादालाच दाबायचं होतं. दुसऱ्या कोणाला दाबताच येत नाही, अंगठा त्याचाच लागतो.

"तू नाही म्हणालास तर पाचला यादी बंद होईल," ती म्हणाली. "मी रोज लावून जाईन. मग मी काही म्हणणार नाही."

"म्हणजे माझ्यावर टाकतेस?"

"नाही. सांगते आहे."

"छोटे, मी तुझ्यासाठी केलं होतं गं ते. तुला कोणी हसू नये म्हणून."

"मला माहितीय, दादा."

"मग एवढी चिडलीस कशाला?"

"मी चिडलेली नाही," ती म्हणाली, आणि ते खरं होतं. चिडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला, राग शोधत, आणि तिथे काहीच नव्हतं. नुसता चेहरा होता.

बाहेरून ती बाई म्हणाली, "अहो, कोट उकडतोय."

दादाने अंगठा लावला.

दोन फोन एकदम वाजले. हिच्यावर आलं, आपली विनंती मिळाली, पावती क्रमांक अमुक. दादाच्या फोनवर आलं, आपल्या केंद्राची मान्यता पुढील आदेशापर्यंत स्थगित. दोघांनी आपापलं वाचलं. मग दादा उठला, बाहेर गेला, त्या बाईच्या कोटाचे चिमटे स्वतः काढले आणि म्हणाला, "आज नाही जमणार, ताई. इथून आता नाही जमणार." पावती हॉस्पिटलला पोचली तेव्हा चार पन्नास झाले होते.

याला आता सहा आठवडे झाले. चौकशी चालूच आहे. हिची जागा थांबलेलीच आहे. रोज मावशी तोंड दाखवून दार उघडते आणि ही मागून आत जाते. दादा दिवसभर दुकान उघडून बसतो, फोटोला फ्रेमा करून देतो, कोणी आलं तर. घरी तिघं एकत्र जेवतात. आई विचारते, पाटी का काढलीस, तर दादा म्हणतो, रंगवायला दिलीय. हिच्याशी तो बोलतो, नाही असं नाही. मीठ दे. दार लाव. पण बोलताना तिच्या उजव्या बाजूला बसतो.

आणि तिला अजून काहीच वाटत नाही म्हणते. ना वाईट, ना बरं. परवा मला म्हणाली, "एखादी तारीख टाकली असती ना, तर सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं. पाच मिनिटं बोट फिरत होतं बघ." आणि कपाटं मोजावीत तशी माझ्याकडे बघत बसली.

म्हणून तुला विचारते. आता बोल. तू असतीस तर काय केलं असतंस? टाकली असतीस एखादी तारीख?